लीग बदलली तेव्हा पातेलं गेलनकडे होतं

डेल्मर उनरू चौतीस वर्षं फुटबॉलचा कट्टर भक्त होता आणि या चौतीस वर्षांत त्याने स्टेडियममध्ये जाऊन मॅच पाहिली ती दोनदा. एकदा तिकीट फुकट मिळालं म्हणून आणि एकदा संडास शोधत आत गेला म्हणून. बाकी इथल्या सगळ्या मॅचेस त्याने बेलफोर्ड स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर, पार्किंगच्या लॉट सीमध्ये, एकशे चौदा नंबरच्या जागेवर घडीच्या खुर्चीत बसून रेडिओवर ऐकल्या. मॅचच्या दिवशी आमच्याकडे निम्मं गाव पार्किंगमध्येच खुर्च्या-शेगड्या मांडून खातं-पितं. भिंतीपलीकडे चाळीस हजार माणसं ओरडायची आणि तेच ओरडणं रेडिओवर सात सेकंद उशिरा यायचं. डेल्मरचा विश्वास रेडिओवर.

"आत ओरडतायत बघ, काहीतरी झालं," मी म्हणायचे.

"अजून झालेलं नाही," तो म्हणायचा.

हे मला ठाऊक आहे कारण लॉट सी माझा आहे. कागदोपत्री विद्यापीठाचा आहे, पण कागद हिवाळ्यात सकाळी सहा वाजता फाटकावर उभे राहत नाहीत. मी राहते. माझं नाव मर्ना केसलर. चौतीस वर्षं पार्किंग खात्यात आहे आणि या काळात मी एकाही गाडीला विनापास आत सोडलेलं नाही. एक सोडून. त्या एकाबद्दलच सांगायचंय.

डेल्मर विद्यापीठाच्या बॉयलरवर काम करायचा. अख्ख्या कॉलेजला ऊब पुरवणारा माणूस, पण कॉलेजात एक दिवस शिकलेला नाही. बोलणं बेताचं. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं वापरायचा नाही. त्याच्या वाटचं बोलणं अर्लीन, त्याची बायको, बोलायची. लॉटमधल्या कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणती मॅच किती वाजता, कुठल्या वर्षी आपल्याकडे आणि कुठल्या वर्षी त्यांच्याकडे, सगळं अर्लीनच्या डोक्यात. डेल्मरने फक्त गाडी चालवायची आणि खुर्च्या मांडायच्या. संसार असाच चालला होता आणि उत्तम चालला होता.

आता ते विनापास प्रकरण. माझं नोकरीतलं पहिलंच वर्ष. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, म्हणजे क्रॉनिनची मॅच. क्रॉनिन विद्यापीठ आमच्यापासून नव्वद मैलांवर. त्यांचा रंग हिरवा, आमचा गडद लाल, आणि शंभर वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत आलोय. पाहुण्यांच्या गाड्या लॉट एफला लावायच्या, असा नियम. तर त्या दिवशी वारा असा सुटला होता की डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता मी एका पिकअपला हाताने आत वळवलं, आणि ती नेमकी एकशे पंधरात जाऊन उभी राहिली. दार उघडलं आणि आतून हिरवी टोपी बाहेर आली. डेल्मरच्या खुर्चीपासून चार फुटांवर.

तोच गेलन. क्रॉनिनमध्ये शाळेची बस चालवायचा. सहा फूट उंच आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"बाई, इथे सगळे लालच दिसतायत," तो मला म्हणाला. "कत्तलखान्यात आणलंत की काय?"

मी त्याला बाहेर काढणारच होते. पण मागे दोनशे गाड्या खोळंबल्या होत्या, आणि तेवढ्यात अर्लीनने त्याच्या हातात चिलीचा वाडगा दिला. तिच्याकडे निळ्या एनॅमलचं, पांढऱ्या ठिपक्यांचं भलंमोठं पातेलं होतं. त्यात बीफ आणि राजम्याची चिली, सोबत दालचिनीचे रोल. शत्रू असला तरी गारठलेल्या माणसाला आधी खायला घालायचं आणि मग शिव्या द्यायच्या, ही अर्लीनची पद्धत. गेलनने तीन वाडगे संपवले. मग क्रॉनिन हरलं. लॉटमधले नळ गोठले होते, तेव्हा गेलन म्हणाला, "हरलोय मी, भांडंही मीच घासतो," आणि खरकटं पातेलं गाडीत टाकून नव्वद मैल निघून गेला.

"गेलं तुझं पातेलं," मी अर्लीनला म्हणाले.

"येईल," ती म्हणाली.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये मॅच क्रॉनिनला होती. उनरू जोडपं गेलं, तर गेलनने आपल्या शेजारची जागा दोरी बांधून राखून ठेवलेली, आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या पातेल्यात त्याने स्वतः केलेली चिली. शिवाय अर्लीनसाठी रानप्लमच्या जेलीची बाटली. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर 'अर्लीन' असं लिहिलेलं, म्हणजे डेल्मरने हात लावायचा नाही. तेव्हापासून रीत ठरली. ज्याचं कॉलेज हरेल त्याने पातेलं न्यायचं, घासायचं, वर्षभर सांभाळायचं आणि पुढच्या वर्षी भरून आणायचं. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. मी गेलनला चौतीस वर्षांत पास विचारला नाही. चूक माझी होती आणि ती दुरुस्त करायची वेळ निघून गेली होती.

इतकी वर्षं वर्षातून एकदा पाच तास शेजारी बसून या दोघांनी एकमेकांचा फोन नंबर घेतला नाही. आडनावही विचारलं नाही. मी एकदा डेल्मरला म्हटलं, अरे, नंबर तरी घेऊन ठेव. तो म्हणाला, "क्रॉनिनवाल्याचा नंबर? मी?" विषय संपला.

पाळीचा हिशोब सोपा होता. विषम वर्षी बेलफोर्ड, सम वर्षी क्रॉनिन. मग महामारीच्या वर्षी मॅच रद्द झाली, ती क्रॉनिनची पाळी होती, ती त्यांना पुढच्या वर्षी दिली, आणि सगळं एका वर्षाने सरकलं. सम वर्ष आमचं झालं, विषम त्यांचं. डेल्मरच्या डोक्यात हे शेवटपर्यंत शिरलं नाही. दर नोव्हेंबरला तो चुकीच्या गावासाठी गाडी भरायला घ्यायचा आणि अर्लीन पायरीवरून ओरडायची, "डेल्मर, यंदा त्यांच्याकडे!" किंवा "यंदा आपल्याकडे!" तो निमूटपणे गाडी रिकामी करायचा.

शेवटची मॅच क्रॉनिनला झाली. ती शेवटची आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही जिंकलो, पातेलं गेलनकडे गेलं. अर्लीन त्या दिवशी खोकत होती.

जानेवारीत विद्यापीठाने अख्ख्या गावाला बास्केटबॉलच्या हॉलमध्ये बोलावलं. हॉट डॉग फुकट होते, त्यामुळे अख्खं गाव आलं. आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की बेलफोर्ड स्टेट आमची आणि क्रॉनिनची जुनी प्रेअरी लीग सोडून नॅशनल टेनमध्ये जातंय, आणि तेही याच वर्षी, दंड भरून. नॅशनल टेनमध्ये सतरा कॉलेजं आहेत. नावातल्या दहाचं काय, ते कोणी विचारलं नाही, कारण हॉट डॉग खरोखर चांगले होते. पडद्यावर देशाचा नकाशा आला, दोन्ही महासागरांच्या काठांवर ठिपके चमकले आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. टीव्हीवाले किती देणार ते सांगितलं, तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या व्हॉलीबॉलच्या मुली आता एका मॅचसाठी तीन विमानं बदलतात आणि विमानतळावर जमिनीवर बसून परीक्षेचा अभ्यास करतात, हे नंतर कळलं.

प्रश्न विचारा म्हणाले. डेल्मरने हात वर केला. त्याला हात वर करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"क्रॉनिनची मॅच कधी?"

अध्यक्ष म्हणाले की परंपरेबद्दल आम्हाला नितांत आदर आहे आणि वेळापत्रकाच्या संदर्भात सर्व पर्यायांचा विचार सुरू आहे.

"म्हणजे कधी?"

"म्हणजे सध्या नाही."

डेल्मर खाली बसला. मी मागच्याच रांगेत होते. तो अर्लीनला म्हणाला, "पातेलं त्याच्याकडे आहे."

"नोव्हेंबरला वेळ आहे अजून," अर्लीन खोकत म्हणाली. "बघू."

मार्चमध्ये अर्लीन गेली. फुप्फुसाचं होतं आणि कळायला उशीर झाला. माझं आणि तिचं फार घरोब्याचं होतं असं नाही, पण चौतीस वर्षं दर शनिवारी तिने फाटकावर मला गरम रोल आणून दिला होता. दफनाच्या दिवशी मला भूक लागली आणि माझी मलाच लाज वाटली.

एप्रिलमध्ये डेल्मर जागेच्या पासचं नूतनीकरण करायला आला. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, गाडीत किती व्यक्ती. तो दर वर्षी दोन लिहायचा. यंदाही त्याने दोन लिहिलं. फॉर्म मीच तपासते, चूक दिसली की लाल शाईने गोल करते. मी शिक्का मारला.

जाताना तो दारात थांबला. "गेलनला सांगायला हवं."

"नंबर आहे का?"

"नाही. आणि ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. नोव्हेंबरमध्ये सांगेन."

"डेल्मर, नोव्हेंबरमध्ये मॅच नाहीये."

"मॅच कुठे बघतो मी?" तो म्हणाला आणि गेला.

क्रॉनिनच्या पार्किंग खात्यात फोन लावून मी तेव्हाच गेलनचा पत्ता काढू शकले असते. मला सुचलं नाही. आम्हा पार्किंगवाल्यांना गाडी समोर येऊन उभी राहिल्याशिवाय काही सुचत नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला. आमची टीम अटलांटिकच्या काठावर खेळायला गेली होती. पण सीझनमधल्या प्रत्येक शनिवारी लॉट सी उघडायचा असा नियम आहे आणि तो रद्द केल्याचा कागद मला आलेला नव्हता, म्हणून मी सहा वाजता उघडला. आठशे जागा. त्यांत एक कचऱ्याचा डबा आणि मी.

सव्वानऊला एक पिकअप आली. हिरवी टोपी.

"काय हे, मर्ना?" गेलनने काच खाली केली. "नव्या लीगमध्ये जाऊन हे वैभव? आमच्याकडे कुत्री जास्त येतात मॅचला."

"मॅच इथे नाहीये, गेलन."

"ठाऊक आहे. मी मॅचला नाही आलो. यंदा पाळी तुमची. तुमच्या अध्यक्षांनी लीग सोडली, मी नाही सोडली." मग त्याने रिकाम्या लॉटवरून नजर फिरवली. "एकशे पंधरा मोकळी आहे का?"

मी म्हटलं, बघावं लागेल. तो हसला. माझा हात सवयीने वर गेला आणि मी आठशे रिकाम्या जागांमधून त्याला वाट दाखवत एकशे पंधरात नेऊन उभं केलं.

त्याने टेबल मांडलं. गॅसची शेगडी लावली, वर ते निळं पातेलं ठेवलं. झाकण उचलताच वास सुटला. मग तीन खुर्च्या मांडल्या, आणि मधल्या खुर्चीसमोर, टेबलाच्या कडेला, रानप्लमच्या जेलीची बाटली ठेवली. चिठ्ठी माझ्याच बाजूला होती. मी ती वाचायचं टाळलं, पण अक्षर मोठं होतं.

"अजून नाही आले?" तो म्हणाला. "अर्लीनचे केस झाले नसतील. त्या बाईला वादळातही केस करून यायचं असतं."

मी रोज दोनशे माणसांना नाही म्हणते, माझं पोट त्यावर चालतं. पण ही बातमी डेल्मरने आठ महिने सांभाळून ठेवली होती. ती मी कोण सांगणार?

"मी फोन लावून बघते," मी म्हणाले आणि केबिनमध्ये आले.

डेल्मरच्या घरी घंटी वाजत राहिली. मग मी त्याच्या शेजारणीला लावला.

"डेल्मर? तो सातलाच गेला," शेजारीण म्हणाली. "रात्री त्याने स्वतः रोल भाजले. धूर इतका झाला की मी बादली घेऊन धावले. क्रॉनिनला चाललो म्हणाला. सम वर्ष आहे म्हणाला."

मी कपाळाला हात लावला. सम वर्ष. पायरीवरून ओरडायला यंदा कोणी नव्हतं. गेल्याच वर्षी आपण क्रॉनिनला गेलो होतो, एवढं तरी या माणसाला आठवायला नको? पण त्या नोव्हेंबरमधलं त्याला एकच आठवत होतं, अर्लीन खोकत होती.

क्रॉनिनच्या लॉटवर टीना असते. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण हरवलेल्या किल्ल्या आणि चुकलेली म्हातारी माणसं यांच्यावरून आम्ही वीस वर्षं फोनवर बोलतो.

"टीना, तुझ्याकडे लाल टोपीचा एक म्हातारा आलाय का?"

"आलाय का?" टीना भडकली. "डोकं खाल्लंय माझं! आमची आज इथे मॅच आहे, कुठल्या तरी चिल्लर कॉलेजबरोबर. दोन जागा अडवून बसलाय. एकात स्वतःची गाडी आणि शेजारच्या जागेत मधोमध खुर्ची टाकून बसलाय. म्हणतो ही गेलनची आहे, इथे दुसरं कोणी लागायचं नाही. तिघांशी भांडला. पोलिसाला बोलावते म्हटलं तर म्हणाला, बोलाव, त्यालाही रोल देतो. तो रोल मी खाल्ला, मर्ना. दात हलला माझा."

"त्याला तुझा फोन दे. आणि तिथून हलू नकोस."

मी माझा फोन घेऊन एकशे पंधराकडे धावले. माझं धावणं कोणी बघण्यासारखं राहिलेलं नाही, सुदैवाने लॉट रिकामा होता. फोनचा स्पीकर लावला आणि टेबलावर जेलीच्या बाटलीशेजारी ठेवला.

"डेल्मर?" गेलन ओरडला. "तू तिथे काय करतोयस, गाढवा?"

"तुझी जागा राखतोय," डेल्मरचा आवाज आला. मागे क्रॉनिनचा बँड वाजत होता. "तू कुठे आहेस?"

"तुझ्या शेजारी! म्हणजे तू असतास तर! पाळी तुमची आहे!"

"सम वर्ष आहे. सम वर्षी क्रॉनिन."

"महामारीनंतर बदललं ते! किती वेळा सांगायचं? दर वर्षी हाच घोळ घालतोस."

"सम वर्षी क्रॉनिन," डेल्मर म्हणाला.

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. अर्लीनला दे फोन. ती सांगेल तुला."

बँड वाजत राहिला. मी गेलनकडे पाहिलं नाही. पातेल्यात चिली रटरटत होती, मी गॅस बारीक केला. करण्यासारखं तेवढंच होतं.

"गेलन," डेल्मर म्हणाला. "अर्लीन मार्चमध्ये गेली. मला तुझा नंबर माहीत नव्हता."

गेलन उभा होता तो खुर्चीत बसला. मधल्या. मग आपण कुठे बसलोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून बाजूच्या खुर्चीत बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला टक्कल आहे हे मला चौतीस वर्षांनी कळलं.

"तिथेच थांब," शेवटी तो फोनला म्हणाला. "मी येतो."

"तू थांब. मी येतो."

"अरे, तू थांब म्हटलं ना!"

"चूक माझी आहे. मी येतो."

आता मात्र माझं डोकं फिरलं. हे दोघे एकाच रस्त्यावरून एकमेकांच्या बाजूने ऐंशीच्या वेगाने निघून गेले असते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा एकमेकांच्या रिकाम्या जागा राखत बसले असते. मी फोन उचलला.

"दोघेही गप्प बसा," मी म्हणाले. "डेल्मर, हॉस्किन्स माहीत आहे? धान्याच्या कोठारांपुढे खडीचं मोकळं आवार आहे. तुला पंचेचाळीस मैल, आम्हाला पंचेचाळीस मैल. तिथे ये आणि गाडीतून उतरू नकोस. मी सांगेन तिथे लाव."

"मर्ना, तू येतेयस?" डेल्मरने विचारलं.

गेलन हातातली किल्ली कुलपात घालायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या पिकअपच्या दाराला कुलूप लागलेलंच नव्हतं. "येतेय," मी म्हणाले.

मी फाटकाला साखळी लावली. कामाच्या वेळेत लॉट सोडून जायची माझी ती पहिली वेळ. आत एकही गाडी नव्हती, तरी मला दोन मैलांपर्यंत चोरी केल्यासारखं वाटत होतं. गेलनची गाडी मी चालवत होते, तो शेजारी पातेलं मांडीवर घेऊन, झाकण दोन्ही हातांनी दाबून. सबंध वाटेत तो दोनच वाक्यं बोलला. पहिलं, "गेल्या वर्षी ती खोकत होती, मी म्हटलं मध घे." आणि पंधरा मैलांनंतर, "जेली तिची आहे, डेल्मरला नाही द्यायची."

हॉस्किन्समध्ये आम्ही आधी पोहोचलो. कापणी कधीच उरकलेली, आवारात चिटपाखरू नव्हतं. मी गेलनची गाडी सरळ लावली आणि उतरून उभी राहिले. दहा मिनिटांनी डेल्मरची पिकअप वळली. मी हात वर केला, त्याला पुढे घेतलं, थोडा डावीकडे, अजून थोडा, आणि चार फुटांचं अंतर राखून त्याला गेलनच्या शेजारी उभं केलं. या वेळी डोळ्यांतलं पाणी वाऱ्यामुळेही असेल. पण या वेळी चूक नव्हती, मी जाणूनबुजून लावलं.

दोघे उतरले. मला वाटलं मिठी मारतील. आमच्याकडचे पुरुष तसं करत नाहीत. गेलनने डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मला हे समोरासमोर सांगायचं होतं," डेल्मर म्हणाला. "त्यासाठीच गेलो होतो."

"ठाऊक आहे."

"फोनवर सांगावं लागलं."

"अरे, ठाऊक आहे."

मग आम्ही खाल्लं. चिली गार झाली होती, ती पुन्हा तापवली. डेल्मरने रोलचा डबा उघडला. दालचिनी होती, साखर होती, पण टेबलावर ठेवताना त्यांचा आवाज आला. गेलनने एक घेतला, चिलीत बुडवला, चावला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"अर्लीनचे असे नव्हते," डेल्मर म्हणाला.

"नव्हते," गेलन म्हणाला आणि चौथा घेतला.

डेल्मरने सवयीने रेडिओ लावला. आमची टीम समुद्राकाठी मार खात होती. गेलनने आपल्या गाडीतला लावला. त्यांची टीम चिल्लर कॉलेजकडून मार खात होती. दोन मिनिटं दोन्ही मॅचेस एकदम ऐकल्या, मग डेल्मरने आपला बंद केला आणि गेलनने आपला. जेलीची बाटली टेबलावर तशीच होती. डेल्मरने ती उचलली, चिठ्ठी वाचली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. गेलनने त्याला ठेवू दिली.

दुपार कलली तशी आवराआवर सुरू झाली आणि खरा पेच आला. खरकटं पातेलं टेबलावर मधोमध होतं.

"मी नेतो," गेलन म्हणाला. "आम्ही हरलो."

"हरलो तर आम्हीही."

"पण एकमेकांशी नाही ना हरलो. मग नेणार कोण? नियम काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नियमांसाठी लोक माझ्याकडेच बघतात. मी म्हटलं, भांडं अर्लीनचं आहे, ते डेल्मरकडे जाऊ दे, आणि एकदाचा मिटवा हा विषय. मला ते सरळ वाटलं. पण दोघांचेही चेहरे असे पडले की मी काय बोलले ते माझं मलाच कळलं. पातेलं डेल्मरच्या घरी गेलं की परत आणायला कारण उरत नव्हतं. मॅच नव्हती, पाळी नव्हती, अर्लीन नव्हती. होतं ते एवढं पातेलंच.

डेल्मरने पातेलं उचलून स्वतःच्या गाडीत ठेवलं, आणि झाकण काढून गेलनच्या हातात दिलं.

"घासून आण," तो म्हणाला.

गेलनने झाकण उलटसुलट करून पाहिलं. "इथेच?"

"इथेच."

"सम की विषम?"

"दर वर्षी," डेल्मर म्हणाला.

गेलन हिरवी टोपी चढवून उत्तरेकडे निघून गेला. मी डेल्मरच्या गाडीतून परत निघाले, ते उघडं पातेलं मांडीवर घेऊन. माझ्या सरकारी जाकिटाला चिलीचे डाग पडले, ते अजून निघालेले नाहीत. दहा-बारा मैल गेल्यावर मला एकदम आठवलं.

"डेल्मर! या वेळी तरी नंबर घेतलास ना त्याचा?"

तो रस्त्याकडे बघत होता. एक हात स्टीअरिंगवर, दुसरा कोटाच्या खिशावर.

"कशाला?" तो म्हणाला. "झाकण आहे ना त्याच्याकडे."